आठची मालिका, चार वाजता

गिरगावातल्या कितीतरी लोकांच्या फोनमध्ये माझं नाव 'केबल' असं आहे. काहींच्या फोनमध्ये 'केबल नवीन' असं आहे, कारण माझ्याआधीचा माणूस त्यांनी अजून खोडलेला नाही. मला नवीन होऊन आता वीसेक वर्षं झाली. या अंकासाठी कामाच्या आठवणी लिहाल का, असं विचारणारा फोन आला तेव्हा पलीकडच्या बाईंनीही आधी "केबल ना?" असंच विचारलं. मी हो म्हणालो. त्या म्हणाल्या, "लेख महिनाअखेरीपर्यंत द्या. आणि आमच्याकडे रिमोट चालत नाहीये, तेवढं बघून जा." मी दोन्ही कामं केली. रिमोटमध्ये सेल उलटे घातले होते. लेखात काय उलटं घातलंय ते वाचकांनी बघावं.

मी लांज्याचा. वडील शाळेत शिपाई होते. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला, विषय भौतिकशास्त्र. निकाल लागला तेव्हा वडिलांनी शाळेची घंटा पाच मिनिटं आधी वाजवली आणि मुख्याध्यापकांनी त्यांना काही विचारलं नाही. पुढे मी परळला मामांच्या खोलीत राहायला आलो आणि नोकरी शोधू लागलो. गिरगावातल्या एका केबलवाल्याने, ज्यांना सगळे शेठच म्हणत, माझं गुणपत्रक दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि विचारलं, "बीएस्सी ना? मग शिडी चढता येते?"

येत होती. एवढ्यावर मला नोकरी मिळाली, आणि त्याबद्दल मी शेठचा आजही ऋणी आहे. वडिलांनी गावात सांगितलं की मुलगा टीव्हीत आहे. पुढे पंधरा दिवस आमच्या आळीतले लोक मी दिसतो का म्हणून संध्याकाळच्या बातम्या बघत होते.

शेठना माझ्या पदवीचा फार उपयोग झाला. तक्रारीचा फोन आला की ते म्हणत, "ग्रॅज्युएट माणूस पाठवतोय." लोकांचा अर्धा राग तिथेच उतरे. उरलेला अर्धा मी बटण दाबल्यावर उतरे, कारण 'काहीच दिसत नाही' या तक्रारीतलं बहुतेक वेळा दुखणं एवढंच असतं, की फरशी पुसताना कोणीतरी भिंतीवरचं बटण बंद केलेलं असतं. मात्र नुसतं बटण दाबून निघायचं नसतं. घरमालकाचा मान राहत नाही. आधी टीव्हीच्या मागे जायचं, दोन वायरी काढायच्या, फुंकर मारायची, त्याच वायरी परत लावायच्या, आणि मग जाता जाता बटण दाबायचं. हे मला कॉलेजात शिकवलं नव्हतं.

पुढे सरकारने घरोघरी डबा सक्तीचा केला. सेट टॉप बॉक्स असं त्याचं नाव, पण गिरगावात तो पहिल्या दिवसापासून डबाच. लोकांनी त्याचं स्वागत आपापल्या रीतीने केलं. कोणी हळदकुंकू वाहिलं. एका घरी त्याला लोकरीचं विणलेलं झबलं घातलं आणि दुसऱ्या दिवशी फोन केला की रिमोट चालत नाही. रिमोटचा उजेड डब्याच्या डोळ्यात पडावा लागतो, आणि डोळ्यावर लोकर होती. मी झबल्याला भोक पाडा म्हणालो. बाई म्हणाल्या, "आठवडा लागला विणायला. तुम्ही डब्यालाच काहीतरी करा."

पण मला सांगायचं आहे ते तळपदेकाकांच्या घराबद्दल. त्यासाठी आधी थोडं तंत्र समजावून घ्यावं लागेल. घाबरू नका, शेठनाही समजलं होतं.

डबा येण्यापूर्वी केबलच्या वायरमधून सगळ्या वाहिन्या एकदम घरात यायच्या. चाळीच्या मोठ्या पाइपातून पाणी यावं तशा. प्रत्येक यंत्राला आपापला नळ होता. टीव्हीने एक वाहिनी उघडावी, व्हीसीआरने दुसरी. दोघांचं भांडण नाही. म्हणजे टीव्हीवर एक कार्यक्रम बघत असतानाच व्हीसीआर कॅसेटवर दुसरा भरून ठेवू शकत असे. डबा आला आणि पाइपाच्या तोंडाशी बसला. तो एका वेळी एकच पेला भरून देतो. टीव्हीनेही त्यातलंच प्यायचं आणि व्हीसीआरनेही.

तळपदेकाका फोर्टमधल्या एका सॉलिसिटर कंपनीत हेडक्लार्क होते. निवृत्त झाले तरी हेडक्लार्क राहिले होते. इमारतीचं पाणी पाच मिनिटं उशिरा आलं की ते तीन प्रतींत अर्ज लिहीत. रोज रात्री आठला ते बातम्या बघत. त्या बातम्यांत सहा गृहस्थ सहा चौकटींत बसून एकमेकांवर ओरडत, आणि काका सातवे. नेमकी आठलाच काकूंची मालिका असे. बहुतेक घरांत अशा वेळी जे होतं ते त्या घरात झालं नाही, कारण व्हीसीआर होता. काका ओरडत, व्हीसीआर गुपचूप मालिका भरून ठेवी, आणि काकू ती दुसऱ्या दिवशी दुपारी चारला बघत. काका पावणेचारलाच वाचनालयात जात, ते पाचला परत येत.

मी व्हीसीआरचं हेड साफ करायला एकदा चारला गेलो होतो, तेव्हा पाहिलं. काकू एकट्या नव्हत्या. इमारतीतल्या आणखी तिघी येऊन बसल्या होत्या. एकीच्या मांडीवर निवडायची मेथी, एकीच्या हातात लोकर. वरच्या मजल्यावरच्या राऊळकाकू रिमोट घेऊन पुढे. या मूळच्या मालवणच्या, आणि मालिकेतल्या सुनेशी थेट बोलत.

"थांबव गं जरा," मेथीवाल्या म्हणाल्या.

"थांबवलंय. तोंड बघ तिचां. लाडू चोरल्यासारख्यां."

"माझ्या धाकटीचं असंच झालं होतं गं मागच्या महिन्यात."

झालं. मालिका तिथेच थिजून उभी, आणि धाकटीचं काय झालं ते सुरू. अर्ध्या तासाचा भाग संपायला जवळजवळ तास लागला, आणि काकू मधूनमधून चहा ओतत, कोणाच्या तरी दुखण्यावर उपाय सांगत, हसत होत्या. काकांच्या देखत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. काका वाईट नव्हते. ते घरात असले की घर ऑफिस व्हायचं, इतकंच. काकूंच्या दिवसात ही एकच वेळ त्यांची स्वतःची होती.

या घरात डबा मी बसवला. तीन रंगांच्या पिना लावल्या, चित्र स्वच्छ आलं, काकांनी तीन ठिकाणी सही केली. व्हीसीआर डब्याला जोडून दिला आणि आठचा टायमरही लावला. दुसऱ्या दिवशी चार वाजून दहा मिनिटांनी फोन आला. आवाज राऊळकाकूंचा.

"केबल ना रे? आमची सून खंय गेली? हय सहा बापये भांडतत."

टायमर चोख चालला होता. पण डबा काकांच्या बातम्यांवर होता, म्हणून व्हीसीआरनेही बातम्याच भरल्या. चौघी जणी मेथी, लोकर आणि चहा घेऊन बसल्या आणि समोर कालची ओरडाओरड. मी गेलो, पाइप आणि पेल्याची गोष्ट सांगितली. राऊळकाकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे पयलां बरां होतां?" मी म्हणालो, चित्र आता जास्त स्पष्ट आहे. त्या म्हणाल्या, "बापयांचां स्पष्ट चित्र घेऊन करू काय मी?"

काकांचं पत्र दुसऱ्या दिवशी ऑफिसात आलं. विषय: 'एक वाहिनी पाहत असताना दुसरी मुद्रित करण्याचा माझा पूर्वापार हक्क.' ऑफिस म्हणजे जिन्याखालची जागा; तिथे येणारं हे पहिलं पत्र. शेठनी ते माझ्यापुढे सरकवलं. "तू ग्रॅज्युएट ना? उत्तर दे."

मी रात्रभर बसून सहा मुद्द्यांचं उत्तर लिहिलं. 'आपल्या पत्राचा आदरपूर्वक विचार करण्यात आला' अशी सुरुवात केली, जणू ऑफिसात शेठ आणि मी सोडून विचार करणारं एखादं मंडळ बसलं होतं. काकांनी माझं पत्र लाल पेन्सिलीने खुणा करून परत पाठवलं. 'मुद्दा तीन हाच मुद्दा दोन आहे. मुद्दा पाच हे उत्तर नसून खेदप्रदर्शन आहे. मुद्दा सहा चांगला आहे, पण अप्रस्तुत.' मी पुन्हा लिहिलं. त्यांनी पुन्हा लिहिलं. खरं सांगतो, मला मजा येऊ लागली. कॉलेजनंतर माझं लिखाण इतकं बारकाईने कोणी वाचलं नव्हतं. शेठ सांगत, "त्यांना म्हणावं, दुसरा डबा घ्या." काका लिहीत, 'जे काम एका वायरीवर होत होते त्यासाठी मी दुसरा डबा का घ्यावा?' त्यांच्या तर्कात मला कधी चूक सापडली नाही.

या हक्काच्या लढाईत एक गोष्ट आमच्या दोघांच्याही पत्रांत आली नाही. दुपारी चारला त्या घरात आता कोणी येत नव्हतं. पहिले काही दिवस तिघी आल्या, नुसत्या बसल्या, मग एकीचा गुडघा दुखू लागला, एकीच्या नातवाचा क्लास निघाला. एकदा पत्राचं उत्तर हातोहात द्यायला मी साडेचारला गेलो, तर काकू एकट्याच बसल्या होत्या आणि टीव्ही बंद होता. "होईल का रे काहीतरी?" असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "पत्रव्यवहार चालू आहे काकू."

काकांच्या सातव्या पत्रात ग्राहक न्यायालयाचा उल्लेख आला आणि शेठचा तत्त्वनिष्ठपणा संपला. घर सोडून गेलेल्या एका गिऱ्हाइकाचा डबा पडून होता, तो तळपद्यांना तसाच द्यायचं ठरलं. कल्पना माझी. पुढची योजनाही माझीच, आणि ती मी भौतिकशास्त्राच्या पूर्ण अभिमानाने आखली. लग्न होऊन गेलेल्या मुलीचा लहान टीव्ही आतल्या खोलीत ट्रंकेवर होता. मी जुन्या जाड भिंतीला अर्धा दिवस खपून भोक पाडलं, आत वायर नेली, दुसरा डबा त्या टीव्हीला जोडला. आठ वाजता काका बाहेर बातम्या बघतील, काकू आत मालिका. कोणी कोणाच्या आड येणार नाही.

"काकू," मी म्हणालो, "आता शिळं कशाला? ताजं बघा."

काकू "बरं" म्हणाल्या.

व्हीसीआरचं काम उरलं नव्हतं. मी तो पुसला, जुन्या चादरीत बांधला आणि स्वतः माळ्यावर ठेवला. काकांनी ऑफिसला आभाराचं पत्र पाठवलं. त्यात 'पदवीधर तंत्रज्ञाची कल्पकता' असे शब्द होते. शेठनी ते प्लास्टिकमध्ये घालून भिंतीवर लावलं. मी वडिलांना फोन करून वाचून दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं.

माझ्या धंद्यातली ही गोम मला तेव्हा माहीत नव्हती. आम्ही ज्याला बिघाड समजतो त्याच्या आधाराने कधी कधी घर उभं असतं. आता तर मी टॉवरांमधून इंटरनेटच्या वायरी नेतो. एका घरात पाच माणसं पाच फोनांवर आपापलं ताजं बघत बसतात. कोणी कोणाच्या आड येत नाही आणि कोणी कोणाकडे येतही नाही. तक्रार मात्र रोज असते, की स्पीड कमी आहे.

दीडेक महिन्याने काकूंचा फोन आला. त्यांनी स्वतः केलेला हा पहिलाच. "आतल्या टीव्हीचं काहीतरी बिघडलंय. चारला येशील?"

गेलो. काका वाचनालयात गेले होते. चित्र आरशासारखं होतं. तरी मी मागे गेलो, वायरी काढल्या, फुंकर मारली, लावल्या.

"आता?" मी विचारलं.

"बिघडलेलाच आहे."

मी जॅक बदलला. वायर बदलली. काकू दारात उभ्या राहून बघत होत्या आणि प्रत्येक वेळी तेच म्हणत होत्या. शेवटी मी म्हणालो, "काकू, एवढं स्वच्छ चित्र मी शेठच्या घरीही देऊ शकलेलो नाही. याला काय झालंय ते तुम्हीच सांगा."

त्या ट्रंकेच्या कडेला बसल्या. "काही नाही झालेलं."

"बाकीच्या येत नाहीत का आता?"

"कशाला येतील? मालिका आठला असते."

"मग आठलाच बोलवा की."

"आठला पोळ्या असतात रे. सगळ्यांचे नवरे घरी असतात."

"मग चारला नुसत्या गप्पा मारायला…"

काकू हसल्या, पण त्या चारच्या हसण्यासारखं ते नव्हतं. "राऊळबाई घरातून निघताना सासूला काय सांगणार? गप्पा मारायला चाललेय? सासू एक्क्याण्णव वर्षांची आहे, कान शाबूत आहेत. 'मालिका बघून येते' म्हटलं की तिला कळतं. मालिका चुकली तर माणसाचं नुकसान होतं, हे तिला मान्य आहे. गप्पा चुकल्या तर कसलं नुकसान?"

"पण तुम्ही काकांना सांगायचं ना. मशीन खाली काढा म्हणून."

"काय म्हणून सांगू? ते विचारतील, आता अडचण काय आहे?" काकू माझ्याकडे बघत म्हणाल्या, "आणि खरंच, अडचण कुठे उरलीय? तू घालवलीस ना."

त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी हातातला स्क्रू ड्रायव्हर पिशवीत ठेवला, पुन्हा काढला. दुसरा डबा मिळाल्यावर तो पहिल्याच दिवशी व्हीसीआरला जोडता आला असता. एक डबा टीव्हीला, एक डबा मुद्रणाला. काकांनी सात पत्रांत नेमकं तेवढंच मागितलं होतं. मला वाटलं, ताजं मिळत असताना शिळं कोण खाईल? एका माणसाला एक कार्यक्रम हवा असतो, एवढंच मला शिकवलं होतं, आणि मी ते पहिल्या वर्गात पास झाल्यासारखं वापरलं होतं.

"उद्या येतो," मी म्हणालो. "काका घरी असताना. जोडणी त्यांच्या नावावर आहे, बदल करायचा तर सही लागेल."

"काय सांगशील?"

"बघतो."

दुसऱ्या दिवशी तीनला गेलो. काका आरामखुर्चीत. काकू स्वयंपाकघरात, पण भांड्याचा आवाज येत नव्हता, म्हणजे ऐकत होत्या. मी सांगितलं की आतला डबा बाहेर आणून व्हीसीआरला जोडावा लागेल. आतली वायर बंद करू.

"का?" काका म्हणाले. "व्यवस्था उत्तम चाललीय. मी तसं पत्र दिलंय तुम्हाला."

"दोष निघालाय काका."

"मग लेखी द्या. कारणाशिवाय बदल म्हणजे गोंधळ."

जोडणीत बदल केला की आम्हाला एक छापील फॉर्म भरावा लागे. त्यात 'आढळलेला दोष' असा रकाना. शेठ तिथे नेहमी 'सिग्नल वीक' असं लिहायला लावत. गिऱ्हाईक काही बोलत नसे. मी तेच लिहायला पेन टेकवलं. पण समोर हा माणूस होता, ज्याने माझा प्रत्येक शब्द वाचला होता. खोटं लिहिलं असतं तर त्यांनी लाल पेन्सिल काढली असती, आणि ती योग्यच ठरली असती. मी जे होतं ते लिहिलं आणि फॉर्म त्यांच्या हातात दिला.

काकांनी चष्मा लावला. वाचलं. फॉर्म जरा लांब धरून पुन्हा वाचलं.

"'आतील खोलीत चित्र वेळेवर येते,'" ते मोठ्याने म्हणाले. "इथे 'येत नाही' म्हणायचंय का?"

"नाही काका. येतं. रोज आठला."

"आणि हा दोष आहे?"

"हो. चारला या घरात कोणी येत नाही."

काकांनी रिकाम्या सोफ्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. तिथे अजूनही आवाज नव्हता. इतकी वर्षं पावणेचारला घराबाहेर पडणाऱ्या माणसाला मी काहीतरी नवीन सांगितलं होतं की जुनंच, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. त्यांनी खिशातलं पेन काढलं. माझं पेन त्यांना चालत नसे.

"गंभीर दोष आहे," ते म्हणाले, आणि तिन्ही प्रतींवर सही केली.

मग मी शिडी मागायच्या आत त्यांनीच स्टूल ओढून माळ्याखाली लावलं, आणि चादरीतला व्हीसीआर मी खाली देत असताना दोन्ही हातांनी धरला. तो टेबलावर ठेवून त्यांनी चपला घातल्या. अजून साडेतीनही झाले नव्हते. दारातून वळून ते स्वयंपाकघराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वाचनालयात अंक फार साठलेत. उद्यापासून मला यायला सहा वाजतील."